तिसरं बोलावणं

...सात, तीन, शून्य, नऊ — आणि त्या नवाचा खालचा कोपरा उंदरानं कुरतडलेला, अजून तसाच... एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात गाडीची किल्ली घेऊन मार्लिस दारातच उभी राहिली. भिंतीवरची खाचांची लाकडी पाटी तीच होती, खाचांतले पांढरे पुठ्ठे तेच, त्यांच्यावरचे काळे ठसठशीत आकडे तेच. रविवारी चर्चमध्ये कोणती स्तोत्रं म्हणायची त्यांचे आकडे शनिवारीच लावून ठेवायचे असत, आणि ते काम वडिलांनी तिच्याकडे दिलं होतं — म्हणजे खरं तर तिच्या भावाकडे, ऑर्व्हिलकडे दिलं होतं, पण ऑर्व्हिलनं तिला कमरेला धरून उचलायचं आणि तिनं आकडे सरकवायचे अशी त्या दोघांची आपसातली वाटणी होती. कुरतडलेला नऊ उलटा करून सहा म्हणूनही चालायचा. पण सात हजार तीनशे नऊ? तिनं मनातल्या मनात ते जुनं हिरवं पुस्तक चाळलं, ते तर सहाशेच्या आतच संपायचं, मग हे कुठलं स्तोत्र, कुणी लावलं, शेवटच्या रविवारी असं काय म्हटलं होतं आपण... शेवटी पलंगाजवळच्या मेजावर पाहुण्यांसाठीचा माहितीचा कागद दिसला तेव्हा उलगडा झाला. तो इंटरनेटचा पासवर्ड होता.

ती हसली, ओठ न उघडता. बाबा असते तर तेही असेच हसले असते. नॉर्थ डकोटाच्या या मुलखात दात दाखवून हसणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो.

खोली... आता खोलीच म्हणायचं. वेदी होती तिथं पलंग, इतका मोठा की एका शेतकऱ्याची सगळी पोरं आडवी झोपतील, आणि त्यावर उशा इतक्या की झोपताना त्या ठेवायच्या कुठं हा प्रश्न पडावा. बाप्तिस्म्याचं पात्र होतं त्या जागी तांब्याचा टब. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा जेमतेम कपाळ ओलं झालं असेल, इथं आता सगळी बाई मावत होती. बाकं काढून टाकली होती, फक्त एक दाराशी ठेवलं होतं, बूट काढताना टेकायला. ते आमचं असेलही, नसेलही, सगळी बाकं सारखीच तर होती. फार्गोपासून दोन तास गाडी हाकताना तिनं चांगला सणसणीत राग शिजवून बरोबर आणला होता, दार उघडलं की वाढायचा म्हणून. पण वाढायला ताटच मिळेना. उंच खिडक्यांतून सप्टेंबरचं ऊन सरळ फरशीवर पडलं होतं, कुठं गळत नव्हतं, कुठं ओलीचा वास नव्हता. खोली छान होती. तिला नेमकं हेच खुपलं.

आणि मग ती उत्तरेच्या खिडकीपाशी गेली, जणू सहज. खाली दफनभूमी, तिच्या पलीकडे कापलेल्या गव्हाचे सड, त्याच्यापलीकडे काळी पडून माना टाकलेली सूर्यफुलं, आणि त्यांच्याही पलीकडे, वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या झाडांच्या रांगेतून डोकावणाऱ्या धान्याच्या पत्र्याच्या गोल कोठ्या. ऑर्व्हिलच्या कोठ्या. तिथं अंगणात त्याची पांढरी पिकअप उभी होती, की तो डिझेलचा टँक होता, एवढ्या लांबून कळत नव्हतं. तिनं पिशवी खाली ठेवली. पिशवीत बदलायचे कपडे थोडेच होते, पण दळलेल्या कॉफीचा डबा होता आणि साखरेच्या वड्यांचं खोकं होतं. एका बाईला दोन दिवसांत एवढी कॉफी लागत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते तरी किती — आपण ताकाला आलो आहोत हे स्वतःलासुद्धा सांगायचं नाही.

ही जागा तिनंच शोधली होती. सत्तरावा वाढदिवस म्हणून मुलगी क्रिस्टिन मिनियापोलिसहून येऊन हटून बसली होती: आई, आता तरी कुठंतरी चांगल्या ठिकाणी जाऊन राहा, अगदी आडरानात हवं तर आडरानात, पण आलिशान, कुणीतरी तुझं करेल असं. स्वयंपाकघरातल्या मेजावर टॅबलेट मांडून दोघी एकेक चित्र बघत बसल्या. मोंटानात काचेचे घुमट, त्यात पडल्या पडल्या आकाश बघायचं. वाळवंटात चंदेरी गाड्या. डोंगरात लाकडी घरं, बाहेर वाफाळत्या पाण्याचा हौद. आणि कॅन्ससमध्ये एक धान्याची कोठी, तिला खिडक्या पाडून आत पलंग टाकलेला. धान्याच्या कोठीत माणसं पैसे देऊन झोपतात म्हटल्यावर मार्लिसनं ते चित्र मोठं करून दोनदा पाहिलं. असं म्हणायचे, या मुलखातून जो तो उठून शहरात गेला; आता शहरातलेच उठून इथली रिकामी झालेली एकेक जागा भाड्यानं घेत होते, आणि जितकी जागा एकाकी तितकी महाग. मग ते चित्र आलं. पांढरं लाकडी चर्च, टोकदार मनोरा, भोवती काही म्हणजे काही नाही. मालकांनी 'नीरव' अशा अर्थाचं काहीतरी नाव दिलं होतं. "हे," मार्लिस म्हणाली. क्रिस्टिन म्हणाली, "आई, हे तुझ्या घरापासून दोन तासांवर आहे. तिथं काहीसुद्धा नाही." आणि मग ती त्या चित्राकडे बघत राहिली, लहानपणी आजोबांच्या दफनाला इथंच आली होती ती — पण पोरगीही याच रक्ताची, तिनं नुसतं बोटानं शनिवार निवडला.

शनिवार मार्लिसनं सांगितला होता.

दुपारी मालकीण येऊन गेली. टेसा तिचं नाव, डेन्व्हरची, अंगानं काटक, बोलायला मोकळी. नवरा-बायको दोघं मागच्या बाजूला बांधलेल्या नव्या घरात राहत. टोपलीत तिनं स्वतः भाजलेला पाव, चीज, अंडी आणलेली, आणि लेफ्सेसुद्धा — बटाट्याची ती पातळ पोळी, पण तिच्यात धुरी दिलेला मासा आणि कसलातरी हिरवा पाला गुंडाळलेला. लेफ्सेला लोणी लावावं, साखर भुरभुरावी आणि गप्प खावं. मासा घालायची बुद्धी होते कशी माणसाला. "वा," मार्लिस म्हणाली, "वेगळंच आहे." आपण इथल्याच आहोत हे तिनं सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण डेन्व्हरची माणसं आडनावावरून काही ओळखत नाहीत.

टेसा आपणहून सांगत होती. पाहुण्यांना काय आवडतं, कुणी टबमध्ये बसून रडलं, कुणी इथंच लग्न केलं. "आणि घंटा. दोर मुद्दाम ठेवलाय आम्ही, हवी तेव्हा वाजवा. फोटोसाठी सगळेच वाजवतात. पहिल्या वर्षी तर गंमतच झाली. पाहुण्यांनी भर दुपारी घंटा वाजवली, आणि तिकडच्या शेतावरचे आजोबा पिकअप पळवत आले. हातात टोपी. विचारायला लागले, कोण गेलं?"

"मग?" मार्लिसनं विचारलं. आवाज नेहमीसारखाच आला.

"मग काय, सांगितलं त्यांना, कुणी नाही हो, पाहुणे आहेत. 'बरं,' म्हणाले आणि गेले. आता कितीही वाजवा, येत नाहीत. चांगले आहेत पण, दफनभूमीतलं गवत तेच कापतात, पैसे देऊ केले तर घेत नाहीत. जागा विकताना त्यांनी एकच अट घातली होती, घंटा खाली उतरवायची नाही." टेसा उठली. "आज संध्याकाळी आमच्याकडे या ना जेवायला. बाहेर शेकोटी करतोय."

"नको नको, कशाला उगाच त्रास."

"बरं, मग आराम करा तुम्ही," टेसा हसून म्हणाली आणि गेलीसुद्धा.

मार्लिसच्या तोंडात दुसरं 'नको' तयार होतं, ते तसंच राहिलं. जायचं होतं तिला. शेकोटीशी बसून या बाईकडून ऑर्व्हिलबद्दल अजून काढून घ्यायचं होतं — टोपी कोणती होती, लंगडत होता का, चेहरा कसा होता. पण पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा माणूस म्हणजे अधाशी, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. पहिलं 'नको' म्हणजे नुसतं दार वाजवणं. दुसरं 'नको' म्हणजे समोरचा मनापासून बोलावतोय की तोंडदेखलं, ते चाचपणं. आणि तिसऱ्यांदा विचारलं की उसासा टाकून म्हणायचं, बरं, पण थोडाच वेळ हं... आणि मग दिवे लागेपर्यंत बसायचं. सगळा मुलूख असाच जगला, लग्नं अशीच जमली, जमिनी अशाच विकल्या गेल्या. तिसऱ्यांदा विचारणं ही बोलावणाऱ्याची जबाबदारी. ते तो चुकला, तर पुढं कुणी काही करू शकत नाही.

...आणि ऑर्व्हिलनं दोनदाच विचारलं होतं.

मार्चमधला रविवार होता तो, रस्त्याच्या कडेचं बर्फ मळून काळं पडलेलं. चर्चमध्ये मोजकी डोकी, त्यातली निम्मी बहिरी, छप्पर गळत होतं, पाळक महिन्यातून एकदा यायचा. कमिटीचा अध्यक्ष ऑर्व्हिल. त्यानं उभं राहून, टोपी दोन्ही हातांत फिरवत, जे होतं ते सांगितलं: चर्च बंद करावं लागेल, डेन्व्हरचं एक जोडपं विकत घ्यायला तयार आहे, पाहुण्यांच्या राहण्यासाठी, नाहीतर आगीचा बंब चालवणाऱ्यांना सरावासाठी देऊन टाकायचं, ते रीतसर पेटवून रीतसर विझवतात, पलीकडच्या गावचं चर्च तसंच गेलं. मार्लिस फार्गोला राहत होती तरी नाव इथल्याच सभासदांत ठेवलं होतं तिनं, नवऱ्याला इथंच ठेवला होता, खाली दफनभूमीत. ती उठली आणि म्हणाली, परक्या लोकांनी इथं आंघोळी करण्यापेक्षा जाळून टाका. एवढं मोठं वाक्य त्या भिंतींनी सभासदांपैकी कुणाकडून ऐकलं नव्हतं. कुणीतरी खोकलं. मग हात वर झाले, तिचा सोडून सगळ्यांचे.

तरी तळघरात कॉफी झालीच. मत काहीही पडो, कोणी मरो की जन्मो, कॉफी व्हायचीच — मोठ्या पातेल्यात, अंडं फोडून कॉफीच्या पुडीत कालवलेलं, वर सोनेरी निवळ. आणि मग बाहेर पायऱ्यांवर ऑर्व्हिल तिच्याजवळ आला. "घरी ये. कॉफी घेऊ," म्हणाला. "नको, आत्ताच तर झाली." "लाव्हॉननं केक केलाय." लाव्हॉन म्हणजे त्याची बायको. "नको, रस्ता गोठायच्या आत निघते." आणि मग... त्यानं तोंड उघडलं होतं. मला स्पष्ट आठवतं, त्याच्या तोंडातून वाफ बाहेर आली होती, शब्दाच्या आधीची वाफ. आणि आतून कुणीतरी हाक मारली, बॉयलर बंद करायचा का म्हणून, आणि तो वळला. ती किल्ली हातात घेऊन उभी राहिली, उभं राहायला हवं त्याहून जास्त. मग गाडीत बसली, इंजिन तापू दिलं. तो परत बाहेर आला, पायरीवर थांबला, हात वर केला. तिनं हात वर केला. एवढंच झालं. बाकीच्या जगात याला कोणी भांडण म्हणत नाही, पण त्या दिवसापासून ती भावाच्या घराची पायरी चढली नव्हती.

लाव्हॉन गेली तेव्हा ती आली होती, गावातल्या मोठ्या चर्चमध्ये. मागच्या बाकावर बसली. खाली जेवताना ऑर्व्हिल समोर आला. सुटाची बाही लांब झालेली, मनगट बारीक. "आलीस." "आले." "रस्ता बरा होता का?" "बरा होता." तिनं वाट पाहिली. एवढ्या माणसांत, बायको पेटीत ठेवून आलेल्या माणसाकडून तिनं वाट पाहिली, की हा आता म्हणेल, घरी ये. तो तिच्या कपाकडे बघत होता. मग कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला घेऊन गेलं. परतीच्या वाटेवर ती पेट्रोल भरायला थांबली आणि नळी हातात धरून बराच वेळ उभी राहिली, टाकी भरून गेली तरी.

टबात पाणी सोडलं तिनं. आलोच आहोत तर. कपडे काढताना उगाच दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. खिडकीबाहेर नवरा होता, पण त्याच्यापासून काय लपवायचं. पाणी गरम होतं, लॅव्हेंडरचा वास होता, छताच्या तुळया वर तशाच होत्या, लहानपणी प्रवचन लांबलं की ज्या मोजायची त्याच. परक्यांनी आंघोळी करण्यापेक्षा जाळून टाका, म्हणणारी बाई हनुवटीपर्यंत पाण्यात बसली होती आणि तिला फार बरं वाटत होतं. जाळलं असतं तर या तुळया नसत्या. ऑर्व्हिलला ते तेव्हाच माहीत होतं. तो नुसता टोपी फिरवत राहिला, तोंडातून एक शब्द काढला नाही की मार्लिस, मी हे उभं ठेवायला विकतोय. काढला असता तर तो ऑर्व्हिल कसला. आठवण आली तिला त्याची — म्हाताऱ्या ऑर्व्हिलची नव्हे, कमरेला धरून उचलणाऱ्याची; त्याच्या हातांना डिझेलचा आणि साबणाचा वास यायचा, आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "लवकर लाव गं, जड झालीस." जड झाले होते का मी? तेव्हा तर काडी होते.

फोन वाजला तेव्हा ती केस पुसत होती. क्रिस्टिन विचारत होती, कसं आहे. बरं आहे. बरं म्हणजे? वाईट नाही. क्रिस्टिनला आईची भाषा येत होती, तिला समजलं की जागा फारच सुंदर आहे.

"आई, मामाकडे जाऊन येणार ना?"

"बघू."

"म्हणजे नाही."

"त्यानं बोलावलेलं नाही."

"तू तिथं गेलीयेस हे त्याला माहीत तरी आहे का?" क्रिस्टिनचा आवाज चढला नाही, तो त्यांच्यात कुणाचाच चढत नाही. "त्याला माहीतच नाही तर बोलावणार कसा गं तो? आणि तू त्याच्या दारात जाऊन सांगणार नाहीस. खिडकीतून बघत बसणार."

"ऊन छान पडलंय," मार्लिस म्हणाली. पोरीला मिनियापोलिसनं बिघडवली होती. फोन ठेवला तेव्हा ती खिडकीतच उभी होती.

दूर रस्त्यांवर धुळीचे लोट उठत होते. सोयाबीनच्या कापणीचे दिवस, धान्याचे ट्रक खडीच्या रस्त्यांवरून जा-ये करत होते, प्रत्येकामागे मैलभर शेपूट. यातला एखादा लोट पांढऱ्या पिकअपचा असला तरी कळायचं नाही. समज, तो सहज इकडून गेला आणि माझी गाडी पाहिली... फार्गोच्या गाडीविक्रेत्याची पाटी, मागच्या काचेवर मी काम करायचे त्या शाळेच्या स्वयंपाकघराचा जुना स्टिकर... मनातल्या मनात ती असे मांडे खात राहिली, आणि उन्हाचा तिरका पट्टा टबावरून पलंगाच्या पायथ्यापर्यंत सरकत गेला. शनिवारची संध्याकाळ होत आली. शनिवारी सहाला घंटा, उद्या रविवार आहे हे सगळ्या शेतांना सांगण्यासाठी. आधी वडील वाजवायचे, मग ऑर्व्हिल. आणि तिनं शनिवार का निवडला, हे आता स्वतःपासून लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता. हे भांडं तरी बाहेर काढायलाच हवं होतं.

घंटेचा दोर दारालगतच्या चिंचोळ्या खोलीत तसाच लोंबत होता. टोकाला नवी चामडी मूठ बसवली होती, पाहुण्यांच्या हातांना टोचू नये म्हणून. मार्लिसनं मुठीच्या वर धरला, जिथं तो जुना होता, माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. पाहुणे वाजवतात तशी वाजवली तर तो येणार नाही. आइस्क्रीमच्या गाडीसारखी वाजवत असतील ती, घण घण घण. शनिवारची घंटा वेगळी: तीन ठोके, मग मनात सबंध प्रभूची प्रार्थना म्हणून होईपर्यंत गप्प, मग तीन, परत गप्प, आणि मग शेवटचे तीन. दोर ओढायचा, सोडायचा, वर जाताना धरून ठेवायचा नाही. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं आणि डेन्व्हरच्या माणसाला कुणी सांगितलं नसणार. हे वाजवता येणारी जिवंत माणसं आता दोनच होती.

तिनं ओढला. दोर आधी नुसताच आला, मग वर काहीतरी जडपणे हललं, आणि मग तो आवाज... पायांतून वर आला. एक. दोन. तीन. टेसाच्या घराकडून कुणीतरी आनंदानं हाक मारली. मार्लिसनं डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली, आधी इंग्रजीत, मग आपोआप आजीच्या नॉर्वेजियनमध्ये, अर्थ न कळता पाठ झालेली. क्षमेच्या ओळीशी ती लहानपणापासून घाईनं पुढं जायची, तशीच गेली.

परत तीन. खिडकीच्या चौकोनातून शेतं दिसत होती. ऑर्व्हिलच्या झाडांच्या रांगेपासून एक लोट निघाला होता, किंवा रांगेच्या मागच्या रस्त्यावरून चाललेल्या ट्रकचा होता तो. फाट्याशी येऊन इकडे वळेल, नाहीतर सरळ गावाकडे जाईल. दोर तिच्या हातात हळूहळू निवत होता. इथंच थांबावं असं तिच्या मनात आलं, एकदम, स्वच्छपणे. दोनदा वाजवली. त्यानंही दोनदाच विचारलं होतं. फिटंफाट. तो आला तर त्याला समजलं म्हणायचं, नाही आला तर उद्या सकाळी निघायचं आणि जन्मभर म्हणत राहायचं, मी केलं माझ्या परीनं, मी दोनदा हाक दिली... आणि तिला तो दिसला. दिसला म्हणजे खिडकीतून नव्हे. अंगणात, कोठ्यांच्या सावलीत, टोपी हातात घेऊन मान वर करून उभा; दुसरे तीन ठोके ऐकून झालेत आणि आता तिसऱ्यांची वाट बघतोय, ओठ हलवत, प्रार्थना म्हणत, कारण हे परक्याचं वाजवणं नाही हे त्याला पहिल्याच ठोक्याला कळलंय. तो तसाच उभा राहील. तिसरे पडले नाहीत तर म्हणेल, बरं, आणि आत जाईल. जशी ती किल्ली हातात धरून उभी राहिली होती. किती वेळ उभं राहावं लागतं तसं, ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

आणि बोलावणारा तोच, आढेवेढे घेणारी मीच, हे ठरवलं कुणी? त्या दिवशी घर त्याचं होतं म्हणून त्यानं विचारलं. आज दोन दिवसांपुरतं का होईना, हे घर माझं आहे. वेदीच्या जागी पलंग असलेलं, इंटरनेटच्या आकड्यांचं, माशाच्या लेफ्सेचं, पण माझं. किल्ली माझ्या खिशात आहे. पाहुणा बोलवायचा तर आज मी बोलवायचा. इतकी वर्षं आपण तिसऱ्या बोलावण्याची वाट बघत बसलो, आणि ते बोलावणं कुणाकडून यायचं ते मात्र एकदाही तपासून पाहिलं नाही... प्रार्थना अर्ध्यावर राहिली होती, ती तिनं तिथूनच पुढं घेतली, या वेळी सावकाश, एकही ओळ न गाळता.

मग दोर ओढला. एक. सोडला, वर जाऊ दिला. दोन. हात दुखत होते, वडिलांचेही दुखत असतील. तीन.

आवाज शेतांवरून गेला आणि बराच वेळ जात राहिला. लोट फाट्यापाशी पोचला होता. तो कुठं वळतो हे बघायला ती थांबली नाही. आत येऊन तिनं त्या चकाकत्या कॉफीच्या मशीनकडे पाठ केली, कपाटातून पातेलं काढलं, पाणी चढवलं, पिशवीतला डबा उघडला आणि टोपलीतलं एक अंडं पुडीत फोडलं. वास सुटला. दोन कप काढून ठेवले, साखरेच्या वड्या मध्ये. आज नाही तर उद्या सकाळी. आला नाही तर हेच पातेलं फडक्यात गुंडाळून गाडीत ठेवता येतं, शेत काही लांब नाही. आला, तर दारातच उभा राहील. ती म्हणेल, ये, कॉफी घे. तो म्हणेल नको, आत्ताच झाली. ती परत विचारेल, तो म्हणेल नको, बूट मातीचे आहेत. म्हणू दे. ती तिसऱ्यांदा विचारणार होती. आणि लागलं तर, ऑर्व्हिल, मी चौथ्यांदाही विचारीन.